पाचटावरचा लाल डाग

वजनकाटा काखेत धरून मी फडात पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते, आणि टोळीचा निम्मा ऊस तोडूनही झाला होता. ऊस सांगली जिल्ह्यातला, माणसं बीड जिल्ह्यातली. पुरुष बुडख्याशी कोयता घालत होते, बायका वाढे छाटून मोळ्या बांधत होत्या. जानेवारीची थंडी. एका बाजूला पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवून दोन लेकरं शेकत बसली होती. ही माणसं पहाटे चारला उठतात, भाकरी थापून फडावर येतात आणि गाडी भरल्याशिवाय कोपीवर, म्हणजे आपल्या तात्पुरत्या झोपडीवर, परतत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं तर फडातच जावं लागतं, हे आम्हाला पहिल्या हंगामातच कळलं होतं.

क्षयरोगाचा उपचार स्थलांतरात का तुटतो, याची माहिती आम्ही गोळा करत होतो. माझ्या यादीत त्या टोळीतली एकच बाई होती. सप्टेंबरमध्ये गावाकडच्या आरोग्य केंद्रात निदान झालेलं, गोळ्या सुरू झालेल्या. सहा महिन्यांचा उपचार, पैकी पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दिवाळी झाली, टोळी निघाली आणि नोंदीत शेरा पडला, ‘संपर्क नाही’.

आता तिला एकटीला बाजूला बोलावणं म्हणजे तिचा आजार सगळ्या टोळीत जाहीर करणं. म्हणून तो वजनकाटा. सगळ्याच बायकांचं वजन करायचं, सगळ्यांशी दोन-दोन मिनिटं बोलायचं, त्यात तीही येते. मुकादम म्हणाला, “आटपा लवकर मॅडम, गाडी खोळंबती.”

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी कोयत्यामागे मुकादम उचल देतो आणि ती उचल तोडीतून फेडायची असते. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा पडतो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड. या टोळीत तो 500 रुपये होता. दोघांपैकी एक आजारी पडला तर अर्धा कोयता उरतो, आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. आजार लपवण्याचं कारण मला यापलीकडे शोधावं लागलं नाही.

ती काट्यावर उभी राहिली. 37 किलो. तिने नुकतीच खाली टाकलेली मोळी तिच्याइतकीच असावी. मी हळू आवाजात गावाचं आणि आरोग्य केंद्राचं नाव घेतलं. तिने एकदम मागे वळून पाहिलं, मग मला म्हणाली, “तिकडं चला, बांधाकडं.”

बांधावर बसल्यावर मी संमतीपत्र वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला. प्रश्न सुरू झाले. आमच्या फॉर्मवर 27 वा प्रश्न होता, गोळ्या बंद करण्याचं कारण. पुढे चार चौकटी: बरं वाटू लागलं, त्रास झाला, दुर्लक्ष, इतर. मी विचारलं, गोळ्या घेता का. घेत होते, म्हणाली. किती दिवस झाले बंद करून? तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. एकोणीस.

“का हो बंद केल्या?”

ती गप्प. पाचटाची काडी मोडत राहिली. अशा वेळी आमची सवय अशी की उत्तराची थोडी वाट पाहायची आणि नाहीच आलं तर ‘दुर्लक्ष’वर खूण करून पुढे जायचं. खरं सांगते, पेन त्या चौकटीवर नेलंही होतं. तेवढ्यात ती बोलली.

“ताई, मव्ही पिशवी काढलेली हाये. तीन वर्सं झाली. मंग हे लाल कुठून यायलंय?”

मला आधी काहीच कळेना. मग तिने सगळं सांगितलं. फडावर संडास नाही. बायका मिळून तोडलेल्या उसात आडोसा बघून बसतात. गावाकडे ती पहाटे अंधारात जायची, तेव्हा काही दिसायचं नाही. इथे पहाटे चारच्या आधीच उपाशीपोटी तीन गोळ्या घ्यायच्या, कुणी उठायच्या आत, आणि उजाडल्यावर फडात जायचं. खाली पांढरट पिवळं पाचट. त्यावर लाल डाग उठला. शेजारच्या बाईने पाहिला आणि विचारलं, “पिशवी काढली म्हणतीस, मंग हे काय?” तिथून चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं ऑपरेशन नीट झालं नाही, आत काहीतरी राहिलं. कुणी म्हणालं कॅन्सर. तिला स्वतःला वाटलं गोळ्या उष्ण पडल्या आणि त्या उष्णतेने रक्त जातंय. तिने गोळ्या थांबवल्या. दोन दिवसांत लाल जायचं थांबलं. तिची खात्री पटली. त्या जागी मी असते तर माझीही पटली असती.

वय विचारलं तर म्हणाली, तिशी असंल. म्हणजे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भाशय गेलेलं. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये हे नवं नाही. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 बायकांच्या पाहणीचे आकडे आले, त्यांत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा मी भाषणांत ऐकला होता, अहवालात वाचला होता. पण गर्भाशय नसलेल्या बाईला लाल लघवी दिसली की तिच्या मनात काय येत असेल आणि त्याचा क्षयरोगाच्या गोळीशी काय संबंध लागेल, याचा विचार मी तोवर एकदाही केला नव्हता.

त्या गोळीत रिफाम्पिसिन असतं. ते मुळातच विटकरी लाल. शरीरातून बाहेर पडताना लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी-लाल करतं. यात अपाय काहीच नाही. पहिली गोळी हातात देताना सांगायचं एक वाक्य आहे हे. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तोंडाने सांगून तिला पटेना. तिने कनवटीला पिशवीत गुंडाळून ठेवलेली पट्टी काढली. मी एक गोळी फोडून पाण्याच्या बाटलीच्या झाकणात टाकली आणि काडीने ढवळली. झाकणातलं पाणी नारिंगी झालं. तिने त्यात बोट बुडवलं, बोट उन्हात धरून पाहिलं, मग पदराच्या टोकाला पुसलं. पदरावर डाग पडला. त्या डागाकडे ती बराच वेळ बघत होती. “म्हंजे हे रगत न्हाई,” एवढंच म्हणाली. एक गोळी वाया गेली, तिची नोंद मी नंतर केली.

फॉर्मवर ‘इतर’पुढची रेघ दोन इंचांची होती. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

या निमित्ताने एका जुन्या अभ्यासाची आठवण काढायलाच हवी. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात घरोघर जाऊन क्षयरोग्यांना विचारलं होतं की खोकला लागल्यावर तुम्ही काय केलंत. 1963 साली ते छापून आलं. खेड्यातल्या अडाणी माणसाला रोगाची जाणीव नसते, असा तेव्हा सर्रास समज होता. निघालं उलटंच. जवळजवळ निम्मे रोगी आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली हातात घेऊन परतले होते. साठ वर्षं उलटली, तरी आमच्या फॉर्मवर ‘दुर्लक्ष’ची चौकट आहे आणि ते दुर्लक्ष रोग्याचंच धरलेलं आहे. याची मला चीड येते. रोग्याकडे दुर्लक्ष कुणी केलं, याची चौकट फॉर्मवर नव्हती.

माझं काम माहिती घेण्याचं, उपचाराचं नाही. पण नियमाप्रमाणे कळवायचं असतं आणि मी तिथूनच तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकांना फोन लावला. त्यांनी दहा मिनिटांत ‘निक्षय’ या क्षयरोग्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत तिची नोंद शोधून इकडे वळती करायला घेतली. गोळ्या आता जवळच्या उपकेंद्रातून मिळतील. त्या कुठल्याही सरकारी केंद्रातून मिळू शकतात, हेही तिला ठाऊक नव्हतं. गावाहून आणलेल्या पट्ट्या संपल्या की उपचार संपला, अशीच तिची समजूत. पोषणासाठी महिन्याला मिळणारे 1,000 रुपये गावाकडच्या खात्यात पडत होते आणि पासबुक सासूकडे होतं. दोन महिन्यांनंतरची थुंकीची तपासणी राहिली होती, कारण तपासणीचा आणि टोळी निघायचा दिवस एकच. चार वर्षांचा मुलगा तिच्याच कोपीत झोपत होता, त्याची तपासणीही झालेली नव्हती. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या आजच सुरू करा, रात्री जेवणानंतर घेतल्या तरी चालतील, आणि उद्या सकाळची थुंकी पाठवा. मुलालाही बघायचं ठरलं, त्यासाठी आशाताई संध्याकाळी कोपीवर येणार होत्या.

“दवाखान्यात याया लागंल का?” तिने विचारलं. खाड्याची भीती. मी म्हटलं, नको, डबी मीच आणते आणि मीच नेते, तुम्ही निघायच्या आत.

नवऱ्याला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. मुकादमाला मी एवढंच सांगितलं की सगळ्या बायकांचं वजन कमी आहे. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला मी गाडीवरून कोप्यांपाशी पोचले. चुली पेटायला लागल्या होत्या. ती लांबच्या लिंबाखाली उभी होती, डोक्यावरून शाल घेतलेली. डबी पदरात गुंडाळून आणली होती. झाकण घट्ट आहे का ते मी मोबाइलच्या उजेडात तपासलं, चिठ्ठी चिकटवली. शेजारच्या कोपीतली ती विचारणारी बाईही मागून आली आणि काही न बोलता उभी राहिली.

“रातीच्याला तिन्ही घेतल्या,” ती म्हणाली. मग त्या बाईकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “आन आज परत लाल गेलं बरं का, ताई.”