विळ्या, कुऱ्हाड आणि खरी कमाई

रविवार, रात्री साडेनऊ

आमच्या स्काउट पथकाची यंदाची ‘खरी कमाई’ भेळेची नाही, धारेची. या उपक्रमात मुलांनी स्वतः राबून चार पैसे मिळवायचे असतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा आई रात्री जागून इडल्या करते आणि चिरंजीव गल्ल्यावर बसतात. म्हणून या वेळी आसपासच्या सोसायट्यांत निरोप धाडला: विळ्या आणि सुऱ्या आणून द्या, विळीला वीस रुपये, सुरीला दहा. कात्र्याही आल्या, पण त्या सायकलवरच्या धारवाल्याकडे पाठवल्या. कात्रीची दोन पाती एकमेकांवर बसवणं हे त्याच्या हातचं काम, आमच्या नव्हे. शिवाय त्याच्या पोटावर पाय कशाला?

सकाळी व्हरांड्यात बसून पोरांना आधी कागद दिले. चौकोनी कागदाचा कोपरा म्हणजे ९० अंश. एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी धारेच्या दगडावर ठेवून सुरी तिच्यापेक्षा किंचित आडवी धरायची. स्वयंपाकाच्या सुरीला एका बाजूनं १५ ते २० अंश पुरतात. कुऱ्हाडीला २५ ते ३० हवेत, नाहीतर पहिल्याच गाठीवर धार दुमडते. अंश पोरं दुपारपर्यंत विसरतात, घडी मात्र खिशात राहते.

दुसरी युक्ती स्केचपेनची. धारेलगतचा उतार रंगवायचा आणि दगडावर दोन-चार हात मारून बघायचं. शाई धारेपासून लांबच गेली असेल तर पातं फार आडवं धरलंय. नुसती कडेची गेली असेल तर फार उभं. हे दाखवल्यापासून ‘सर, बरोबर आहे का?’ हा प्रश्न बंद झाला. मला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो धार ‘आली’ हे ओळखण्यात. एका बाजूनं पुरेसं घासलं की पलीकडच्या अंगाला केसाहून बारीक कड उलटते. डोळ्यांना दिसत नाही, पण पात्याच्या मधल्या भागाकडून धारेकडे नख हलकेच सरकवलं की अडतं. सातवीतला एक जण, जो वर्गात दहा मिनिटं धड बसत नाही, तो अर्धा तास एकाच सुरीवर वाकून होता. मध्येच ओरडला, “सर, अडलं!” मग बाजू बदलायची, तीच कड परत इकडे आणायची, हात हळूहळू हलका करायचा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढायचं, धार मागे ठेवून. तपासायला वर्तमानपत्राचा कागद. तो सरळ चिरला गेला पाहिजे, फाटला तर पुन्हा दगडावर.

एक आजी विळी घेऊन आल्या आणि उभ्याउभ्या सगळं बघून म्हणाल्या, “एवढा खटाटोप कशाला रे? मी कपाच्या बुडावर घासते.” आजींचं खरं आहे. चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं आणि ते पोलादापेक्षा कठीण. मुलांना तेही करून बघायला लावलं. आजींनी वीस रुपये मात्र दिले.

पालकांच्या ग्रुपवर काल कुजबुज झालीच. ‘पोरांच्या हातात कोयते?’ पुण्यात गेली काही वर्षं कोयता गँगच्या बातम्या वाचून कोणीही दचकेल, त्यात त्यांचा दोष नाही. पण धार लावायला बसलेल्या मुलाला हत्यार मिरवता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले असतात. आमचा नियम साधा. पातं उघडण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फिरायचं, त्या रिंगणात कोणी आलं की काम बंद. पेटीची किल्ली माझ्याकडे.

पेटीत आमचा जुन्या अवजारांचा संग्रह आहे. नवं काही विकत आणायचं नाही, फक्त घरातलं अडगळीतलं किंवा जुन्या बाजारातलं. आणि धार लावल्याशिवाय वहीत नोंद नाही. आतापर्यंत एक पितळी अडकित्ता, ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेला विळा, आणि कोकणातली कोयती, कमरेला बांधायच्या लाकडी आकडीसकट. एकानं दार्जिलिंगहून आणलेली कुकरी आणली होती. ती परत पाठवली. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. भिंतीवर टांगायची कुकरी घरगुती म्हणून कोण मानणार?

दुपारी कुऱ्हाड काढली. जुन्या बाजारातली, गंजलेली, धारेला खांडं, पातं दांड्यावर डुगडुगणारं. एक जण लगेच बादली घेऊन निघाला, ‘रात्रभर पाण्यात ठेवू’ म्हणून. गावाकडे सर्रास करतात. लाकूड फुगतं आणि घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण फुगताना नेढ्याच्या, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाच्या, लोखंडावर दाबून त्याचे तंतू चेपतात. वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं. त्याऐवजी कुऱ्हाड पातं खाली ठेवून हवेत उभी धरायची आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडीनं ठोकायचं. पातं जडपणानं जागीच राहतं, दांडा आत सरकतो. मग नवी पाचर. हा दांडा तात्पुरता आहे, पुढच्या वेळी धामणीच्या झाडाचा बघायचा. लवचिक असतो, हाताला झटका कमी देतो.

खांडं कानशीनं काढली. पुढे जाताना दाब, परत येताना उचलायची. मागे घासली तर कानशीचेच दात जातात. चाकावर धरली असती तर पाच मिनिटांत झालं असतं, पण कोरड्या चाकावर कड निळसर झाली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजायचं. मग ती कुऱ्हाड नुसती वजनाला.

चालवून बघितली ती वखारीतून आणलेल्या जळाऊ लाकडावर. शहरात झाडाची फांदी तोडायलाही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि नसती लागली तरी मी तोडू दिली नसती.

संध्याकाळी वहीवरून भांडण. ‘धार कोणी लावली’ या रकान्यात तिघांना आपलं नाव हवं होतं. कानस एकाची, दगड दुसऱ्याचा, पाचर तिसऱ्याची. रकाना अरुंद, म्हणून तिघांची आद्याक्षरं बसवली. पाचरवाला अजून रुसलेला आहे, त्याचं अक्षर शेवटी आलं म्हणून.