आजची डॉपलर तपासणी
आज लिंगाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजणारी तपासणी, करून घेतली. हे एक वाक्य लिहायला मला तपासणीपेक्षा अधिक वेळ लागला, हे प्रांजळपणे सांगतो. ताठरतेची तक्रार वर्षभर होती आणि तिचे मूळ मनात आहे की रक्तवाहिन्यांत, हे अंदाजाने ठरवण्यात अर्थ नव्हता.

या तपासणीत चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत. मात्र ताठरता आणण्यासाठी बारीक सुईने एक इंजेक्शन देतात, त्यामुळे ‘काहीच टोचत नाहीत’ हे ऐकीव आश्वासन पुरते खरे नव्हते. (टोचले ते मुंगी चावल्याइतके, धास्ती मात्र दसपट होती.) त्यानंतर थंडगार जेल लावून डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि दर ५ मिनिटांनी दोन्ही बाजूंच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजला. हृदयाच्या ठोक्याबरोबरचा सर्वोच्च वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर रक्तपुरवठा अपुरा मानतात; दोन ठोक्यांमधला वेग ५ च्या वर राहिला, तर आलेले रक्त शिरांवाटे निसटत असल्याची शंका घेतात. माझे सर्वोच्च वेगाचे दोन बाजूंचे आकडे २० आणि २२ च्या पुढे सरकले नाहीत, म्हणजे रक्तपुरवठाच अपुरा.

डॉक्टरांनी लगेच रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने अडथळ्याची लक्षणे इथे आधी दिसू शकतात. ताठरता ४ तासांत उतरली नाही, तर थेट रुग्णालय गाठा, असेही त्यांनी निघताना बजावले. ती तासाभरात उतरली. रक्ताचा नमुना उद्या सकाळी उपाशीपोटी द्यायचा आहे.