पाणी खाली, आम्ही वर

शहादा, निघण्याच्या आदल्या रात्री

उद्या पोरांना घेऊन सातपुड्यात पायी मोहिमेवर निघायचंय, बऱ्याच दिवसांच्या. ओट्यावर सगळं मांडून ठेवलंय. कळण्याचं पीठ, दादरचं पीठ, तूरडाळ, तांदूळ, गूळ, शेंगदाण्याची चटणी. स्टोव्ह दोनदा पेटवून पाहिला. वनखात्याच्या परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

धाकटा भाऊ संध्याकाळी आला आणि सामान बघून म्हणाला, "ताई, एवढे दिवस कशाला? शनिवारी जायचं, रविवारी यायचं. पोरांना डोंगर दिसतो, तुलाही दगदग नाही." तो दरवेळी हेच म्हणतो. त्याला उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शनिवार-रविवारच्या ट्रेकमध्ये माणूस पाहुण्यासारखा वागतो. पाहुणा दोन दिवस सगळ्यांशी गोड बोलतो, आहे ते खातो, तक्रार करत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पायाला फोड आलेले असतात, मोजे ओले असतात, तेच पीठ आणि तीच डाळ समोर असते. भांडी घासायची पाळी कोण चुकवतं आणि दुसऱ्याच्या सॅकमधला तांदूळ न बोलता आपल्या सॅकमध्ये कोण टाकतं, ते तेव्हा दिसायला लागतं. मला ते दिवस हवे असतात. आणि स्वभाव दिसल्यावर वेगळं वागून पाहायलाही वेळ लागतो, त्यासाठी पुढचे दिवस हवे असतात. दोन दिवसांत यातलं काहीच होत नाही. पाय तेवढे दुखतात.

तोरणमाळ

सातपायरीचा घाट चढून गाडी वर आली तेव्हा यशवंत तलावावर धुकं होतं. थंडी अशी की कानटोपी काढवत नाही.

पोरांनी एकमेकांना गावांच्या नावानेच हाका मारायला सुरुवात केलीय. ए पारोळा, ए साक्री, अगं यावल. मलाही ते सोपं जातं.

दुपारभर टोपोशीट, म्हणजे डोंगरांचे चढ-उतार दाखवणारा नकाशा, घेऊन बसलो. नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा चढ. या रेषा जिथे दाटीवाटीने येतात तिथे बोटाने दाबून दाखवलं: इथे धाप लागणार. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब अजूनही वापरतात. ताशी पाच किलोमीटर, वर दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. पाठीवर सॅक आणि उतारावर सागाच्या वाळक्या पानांचा थर असला की तो हिशेब सातपुड्यात टिकत नाही. बराच वेळ वाढवून धरा, असं सांगितलं.

मग नियम. रोज एक जण त्या दिवसाचा नेता. कुठून जायचं, कुठे थांबायचं, मुक्काम कुठे, सगळं त्याने किंवा तिने ठरवायचं. मी आणि वाटाड्या दादा सोबत असू, पण विचारल्याशिवाय बोलणार नाही. जिवाला धोका, आगीची भीती किंवा कुणाचा अपमान होत असेल, तरच मी तोंड उघडेन. शेकोटी पेटवायची नाही. रात्री सगळ्यांनी बसून दिवसाबद्दल बोलायचं.

धारेवरचा मुक्काम, उशिरा रात्री

बोटं आखडलीत, पण आजचं आजच लिहायला हवं.

आजचा नेता पारोळा. चालायला चपळ, आवाज खणखणीत, सगळ्यांचा लाडका. साडेतीनच्या सुमाराला आम्ही एका पाड्याच्या जवळ होतो. खाली झरा, झऱ्यापासून थोडं दूर सपाट जागा. तिथे तंबू ठोकता आले असते. पण त्याचं लक्ष वरच्या धारेवर. "तिथून सकाळी सूर्य कसला दिसेल!" यावलने नकाशावर बोट ठेवून हळूच म्हटलं, "वर पाणी दिसत नाही रे." तो म्हणाला, "बाटल्या भरलेल्या आहेत ना सगळ्यांच्या." ती गप्प झाली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे. रात्री खाली उतरून पाणी आणता येण्यासारखी मळलेली वाट होती, म्हणून मी बोलले नाही.

वरून जे दिसलं ते खरोखर डोळ्यांत मावणारं नव्हतं. उत्तरेला नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा, दक्षिणेला तापीचं सपाट खोरं. या धारेवर पडलेला पाऊस अर्धा नर्मदेला जातो, अर्धा तापीला. पोरं अर्धा तास फोटो काढत होती.

मग स्वयंपाकाची वेळ झाली. डाळीला पाणी, पीठ मळायला पाणी, भांड्यांना पाणी, सकाळच्या चहाला पाणी. बाटल्या ओतून पाहिल्या तर डाळसुद्धा शिजली नसती. साक्री शांतपणे म्हणाला, "पानी खाले शे भो, नि आपन वर." कुणी हसलं नाही.

पारोळ्याने वाद घातला नाही. कॅन उचलले, बॅटरी घेतली आणि उतरायला लागला. यावल त्याच्यामागे निघाली, साक्री निघाला. मी शेवटी. झऱ्यावर पाड्यातली एक म्हातारी आजी नातीबरोबर हंडे भरत होती. तिने हाताने आम्हाला थांबवलं आणि वरच्या बाजूला, दगडाच्या खोबणीकडे नेलं. खालचं पाणी गुरांचं, हे आम्हाला अंधारात कळलं नसतं. कॅन भरून होईपर्यंत ती तिथेच थांबली.

परत चढताना खांद्यावरचं पाणी हेलकावे खातं, पाऊल सरकतं. अर्ध्या वाटेवर पारोळ्याने कॅन खाली ठेवला आणि यावलला विचारलं, "तू दुपारी जोरात का नाही बोललीस?"

"तू ऐकलं असतंस?"

तो थोडा वेळ थांबला. "नसतं ऐकलं."

"तरी मी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि कॅन तिने उचलला.

जेवायला दहा वाजले. रात्रीच्या बैठकीत मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

यासाठीच मी मुलांना इतक्या लांब आणते. आपल्याकडे ठरवणारा एक असतो आणि निभावणारा दुसरा. कार्यालयात तसंच, संस्थेत तसंच, घरातही तसंच. पाणी कुठे आहे ते न बघता घराची जागा पुरुष ठरवतात आणि पुढची चाळीस वर्षं बाई डोक्यावर हंडा घेऊन ती जागा निभावते. ठरवणाऱ्याच्या मानेला त्याचा भार कधी कळत नाही, त्यामुळे त्याचं शहाणपणही वाढत नाही. आज दुपारी साडेतीनला घेतलेला निर्णय संध्याकाळी सातला घेणाऱ्याच्याच खांद्यावर आला. मधे कुणी साहेब नव्हता, शिपाई नव्हता, आई नव्हती. एवढ्या थोड्या वेळात आणि एवढ्या स्पष्टपणे हा धडा दुसरीकडे कुठे मिळतो ते मला ठाऊक नाही.

आणि यावलचं वाक्य. पुढारीपण म्हणजे फक्त पुढे चालणं असं सगळे धरून चालतात. मागे चालणाऱ्यालाही नकाशा वाचता येतो, आणि वाचता येत असेल तर वेळेवर, ऐकू जाईल असं सांगणं हे त्याचंही काम आहे. आज तिला ते स्वतःहून उमगलं.

ओढ्याकाठी, विश्रांतीचा दिवस

कपडे धुतले, फोड फोडले नाहीत, पट्ट्या बदलल्या. चोपड्याच्या मुलाचा गुडघा सुजलाय. आज चालणं नाही.

पोरांनी विचारलं, मॅडम, हे रोज नेता बदलायचं कुठून आलं? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या अबरडोव्ही इथे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी अंगात ताकद असूनही वयस्क खलाशांच्या आधी हार मानतात, असं तेव्हा बोललं जात होतं. कमी पडत होती ती तग धरण्याची सवय, आणि ती कामाच्या कठीण दिवसांतूनच यावी असा त्यांचा विचार. पुढे अमेरिकेत पॉल पेटझोल्ट यांनी १९६५ मध्ये वायोमिंगमध्ये नोल्स (नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल) ही संस्था काढली. सोळाव्या वर्षी ग्रँड टेटन शिखर चढलेला आणि १९३८ च्या के-टू शिखराच्या मोहिमेत असलेला हा माणूस. पण शिकवण्यात त्यांनी भर दिला तो निर्णयावर आणि मोहिमेतल्या वागणुकीवर. सोबत्याची काळजी घेता येणं हे दोर बांधता येण्याइतकंच कौशल्य आहे, असं ते मानत. तिथे नेतृत्वाचे चार प्रकार धरतात: नेमलेला नेता, बरोबरीच्यांनी एकमेकांना सावरणं, जागरूकपणे मागे चालणं आणि स्वतःला आवरणं. शेवटचा सगळ्यांत कठीण, असं मला वाटतं. भूक लागलेली असताना शेवटचा घास वाढून देणं त्यातच येतं.

त्याच १९६५ साली आपल्याकडे उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. मी तिथे बेसिक कोर्स केला तेव्हा विशीत होते. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, मुलींच्या तुकड्या पाडलेल्या, तुकडीला 'रोप' म्हणायचं. आसाम, केरळ, राजस्थान, आणि खान्देशातली मी. माझ्या रोपची नेता सगळ्यांत बुटकी मुलगी होती. आम्हा सगळ्यांचे हातमोजे वाळले की नाही हे ती रोज तपासायची. आजही कुणी नेतृत्व म्हटलं की मला तिचे हात आठवतात.

एक गोष्ट मात्र तिकडची जशीच्या तशी इथे आणता येत नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यात निसर्गक्षेत्राची व्याख्याच अशी आहे की माणूस तिथे पाहुणा, राहणारा नव्हे. सातपुड्यात हे कुणाला सांगणार? इथे प्रत्येक वळणावर पाडा आहे. पावरा आणि भिल्ल लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी या वाटा पडल्यात. मोहाच्या झाडाखालची जागा कुणाच्या घराण्याची, हे गावाला माहीत असतं. आम्हीच इथे पाहुणे, पण रिकाम्या रानातले नव्हे, लोकांच्या घरातले. म्हणून इथल्या नेत्याला एक काम जादा: विचारणं. मुक्काम करू का, हे पाणी कोणाचं, या वाटेने गेलं तर चालेल का. धारेवरच्या त्या रात्रीनंतर प्रत्येक दिवसाच्या नेत्याने तंबू ठोकण्याआधी पाड्यात जाऊन विचारलं आहे. कुणी सांगितलं नव्हतं.

वाटाड्या दादा पावरा आहेत, पन्नाशीचे. मी त्यांचं चालणं बघत असते. प्रत्येक फाट्यावर ते थांबतात, शेवटचा माणूस येईपर्यंत. आल्यावर लगेच निघत नाहीत, त्याचा श्वास खाली बसू देतात, मग निघतात. "चला लवकर" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. साक्रीने काल तसंच केलं. फाट्यावर थांबला, श्वास मोजत उभा राहिला. दादा बघून न बघितल्यासारखं करत होते, पण खुश होते.

अस्तंभा

१३२५ मीटर. महाराष्ट्रातल्या सातपुड्याचा माथा. दिवाळीत इथे यात्रा भरते, तळोद्याकडून, गुजरातेतून लोक जथ्याने रात्रभर चालत येतात. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन याच डोंगरात फिरतो, तेल-हळद मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. आपल्या मुलखातली ही किती जुनी मोहीम! म्हातारी माणसं, पोरं, नवस फेडणारे, सगळे एकमेकांना धरून चढतात.

आज नेता यावल. तिने सकाळीच चोपड्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि म्हणाली, "तुझ्या गुडघ्याच्या वेगाने जायचं." स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याच्या सॅकमधलं सामान वाटून घेण्याची सूचना पारोळ्याची होती आणि स्टोव्ह त्याने स्वतः घेतला. माथ्यावर धुरकट हवा होती, फार लांबचं दिसलं नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि उतरलो. मला आजचा दिवस तोरणमाळपासूनच्या सगळ्या दिवसांत सर्वांत आवडला.

तळोदा

चांदसैली घाटाने खाली आलो. ऊस, पपई, केळी, ट्रॅक्टरचा आवाज. पोरं एसटीच्या वाटेवर भज्यांच्या गाडीपाशी उभी आहेत आणि मी दादांबरोबर चहा घेत हिशेब करतेय.

आजी आणि तिच्या नातीचा विषय निघाला. ती मुलगी दादांच्या नात्यातलीच निघाली. बारावी झालेली, डोंगर पाठ. मी म्हटलं, पुढच्या वेळी तिला वाटाडी म्हणून नको, आमच्यातलीच एक म्हणून येऊ दे. तिच्या पाळीच्या दिवशी ती नेता, आमच्या पाळीला ती मागे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण शहाद्याला आमच्याबरोबर, आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी आम्ही द्यायची. कारण आमच्या पोरांना सुट्टी असते, तिला नसते.

दादांनी बशी खाली ठेवली. "तारीख कोन ठरवनार?" त्यांनी विचारलं. दिवाळीनंतर तिच्या घरचे गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परततात. आम्ही नेहमी येतो ते नाताळच्या सुट्टीत.

मी पोरांना हाक मारून बोलावलं. तारीख आता त्यांच्यासमोरच, दादांना विचारून ठरतेय. पारोळा म्हणतोय दिवाळीच्या आधी, परीक्षा आड आली तर कॉलेजात मी बोलतो. यावल म्हणतेय, आधी त्या मुलीला विचारा तिला यायचंय का. एसटी लागलीय, पण हे मिटल्याशिवाय कुणी चढायला तयार नाही.