प्रयोगशाळेतल्या बाटलीला गिऱ्हाईक शोधताना : आमची वाटचाल

बरेच जण विचारतात की तुमची कंपनी नक्की करते काय, पेटंट फाईल करून देता का. तर नाही, ते काम पेटंट एजंटचं. आमचं काम त्याच्या थोडं आधी सुरू होतं आणि नंतर बरंच पुढे जातं. एखाद्या कॉलेजात किंवा रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कुणीतरी काहीतरी शोधून काढलेलं असतं, ते बाहेर चालेल का, कुणाला लागेल, अजून किती काम बाकी आहे हे तपासायचं आणि मग ते घेणारी कंपनी शोधून दोन्ही पार्ट्यांना एका टेबलावर बसवायचं. वाचायला सोपं वाटतं पण यात आमची दहा वर्षं गेली.

मी मूळची ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाली. एमएस्सी झाल्यावर हिंजवडीत एका केपीओत, म्हणजे आउटसोर्सिंग कंपनीत, प्रायर आर्ट सर्चचं काम करायचे, म्हणजे परदेशातल्या क्लायंटसाठी जुनी पेटंटं धुंडाळायची. दिवसभर पेटंटंच वाचायची, पण त्यातलं एखादं कुठल्या कारखान्यात वापरात आलंय का हे कधी कळायचं नाही. आमच्या पिढीला पेटंट म्हणलं की हळदीची गोष्ट आठवते, जखम भरायला हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलेलं ते पेटंट आपल्या सरकारी संशोधन परिषदेने, सीएसआयआरने, माशेलकर सर महासंचालक असताना, लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमान आहेच त्याचा, पण त्यामुळे पेटंट म्हणजे आपलं कुणी पळवू नये म्हणून करायची गोष्ट एवढंच डोक्यात बसलं, ते कुणालातरी वापरायला देऊन त्यातून पैसे आणि कामं उभी राहतात हे कुणी शिकवलंच नाही.

२०१४ मध्ये नोकरी सोडली. कर्वेनगरात एक खोली, खाली पिठाची गिरणी, दुपारी फोनवर बोलायचं म्हणजे गिरणीवाल्या काकांना विनंती करावी लागायची आणि ते बिचारे दहा मिनिटं गिरणी थांबवायचे पण. मी आणि माझा मावसभाऊ, तो मार्केटिंगचा, आधी पंप विकायचा. सरकारी पातळीवर एनआरडीसी ही सरकारी कंपनी १९५३ पासून हे काम करतेय, एनसीएलसारख्या (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मोठ्या संस्थांकडे स्वतःची माणसं आहेत, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, जिथे दोन-तीन सर मनापासून रिसर्च करतात, तिथे कुणीच नव्हतं. आम्हाला तीच जागा दिसली.

पहिली चूक पैशाची. आम्ही म्हणलं की डील झालं तरच फी घेऊ, म्हणजे कॉलेजांना भीती वाटणार नाही. झालं असं की सगळ्यांनी कपाटातल्या फाईली काढून आमच्याकडे दिल्या, पहिल्या दीड वर्षात एक रुपया आला नाही आणि मावसभावाने त्याची एफडी मोडली. तेव्हापासून असेसमेंटची फी वेगळी, आधी, लहान का असेना. आणि यात एक फायदा कळला की ज्या सरांनी कॉलेजकडून तेवढी फी मंजूर करून घेतली ते फोन उचलतात, डेटा देतात, दोनदा पुण्याला येतात.

दुसरी गोष्ट अजून मनाला लागलेली आहे. एका सरांनी जखमेवरच्या पट्टीसाठी एक मटेरियल केलेलं, खरंच सुंदर काम, आम्ही भारावून गेलो, आणि तिसऱ्या मीटिंगला त्यांनी सहज सांगितलं की सहा महिन्यांपूर्वी परदेशात कॉन्फरन्सला पोस्टर लावलं होतं, सगळ्या आकड्यांसकट. पोस्टरच तर होतं, पेपर कुठे होता, असं ते म्हणाले. पण युरोपात पेटंट अर्जाच्या आधी जगात कुठेही उघड झालेलं चालत नाही. आपल्याकडे काही ठरावीक बाबतीत बारा महिन्यांची सवलत आहे पण तो दरवाजा फार अरुंद. अमेरिकेत वर्षभराची मुभा असते, पण तेवढ्यावर कुठली कंपनी पुढे आली नाही. त्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर आम्ही कुठल्याही कॉलेजात गेलो की प्रेझेंटेशन बाजूला ठेवून पहिलं हेच सांगतो, सर, पोस्टर लावायच्या आदल्या दिवशी का होईना पण प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटचा तात्पुरता अर्ज, टाका, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, तुमचं कॉलेजातलं प्रमोशन पण थांबत नाही आणि शोध पण वाचतो.

आता ज्या कामाने आम्हाला खरं शिकवलं ते सांगते. २०१६ मध्ये एका मॅडमची फाईल आली. त्यांनी एक पॉलिमर केला होता, पाण्यातला क्षार पाइपला चिकटू देत नाही असा. त्यांच्या मते गिऱ्हाईक म्हणजे पॉवर प्लँटचे कूलिंग टॉवर. आम्ही महिनाभर फोन केले, त्या बाजारात आधीच मोठे सप्लायर बसलेले, दर इतका खाली की नवीन पॉलिमर कुणी हातात धरेना. मॅडम निराश झाल्या. तेव्हा मावसभाऊ म्हणाला की पंप विकताना मी साखर कारखान्यांत फिरायचो, तिथे इव्हॅपोरेटरच्या ट्यूबा सारख्या जाम होतात, विचारून बघू.

ज्यांनी कारखाना आतून बघितला नाही त्यांच्यासाठी, उसाचा रस एकामागे एक अशा बॉडींमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरच्या बंद भांड्यांमध्ये, आटवतात, साधारण चार-पाच, आणि जसजसा रस घट्ट होतो तसा ट्यूबच्या आत थर चढतो. पहिल्या बॉडींमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचा, तो मानाने सोपा, पण शेवटच्या बॉडीत सिलिका येते आणि तो थर दगडासारखा, कॉस्टिक सोड्याने उकळा, मग ब्रश मारा. थर चढला की वाफ जास्त लागते, आणि सफाईला गाळप थांबवलं की बाहेर उसाच्या गाड्या उभ्या राहतात, ऊस वाळतो, शेतकरी ओरडतात.

आम्ही मॅडमना घेऊन एका कारखान्यात गेलो. त्या चीफ केमिस्ट साहेबांना रेणूची रचना समजावून सांगायला लागल्या. साहेबांनी शांतपणे पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या, मला एवढंच सांगा की चौथी बॉडी किती दिवस चालंल? आणि हे साखरेत उतरलं तर काय?" हे दोन प्रश्न मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले. दुसरा प्रश्न तर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. कूलिंग टॉवरचं पाणी कुणी पीत नाही, साखर लोक खातात! म्हणजे अन्नात चालणाऱ्या केमिकलचे सगळे नियम, टेस्ट रिपोर्ट, किती उरतं त्याचे आकडे. मॅडमना त्यासाठी एक घटक बदलावा लागला, पाच महिने गेले त्यात.

मग ट्रायल. इथे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण, हंगाम. बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंतच काय ते, नाहीतर वर्ष गेलं. आम्हाला फेब्रुवारी २०१७ ची तारीख मिळाली. पण आधीच्या दुष्काळात ऊसच लागला नव्हता, त्या हंगामात राज्यात जेमतेम ४२ लाख टन साखर झाली, कारखाने लवकर बंद पडले आणि आमचा पण बंद पडला, ट्रायलच्या आधी. पुढच्या वर्षी उलटं, ऊसच ऊस, राज्यात १०७ लाख टन साखर झाली, कुणाला श्वास घ्यायला वेळ नाही, प्रयोगासाठी कोण थांबणार. पण सफाई कमी वेळा करावी लागली तर त्यांनाच हवं होतं, म्हणून त्याच साहेबांनी मार्चमध्ये आम्हाला बोलावलं. मॅडम त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन तीन आठवडे तिथल्या गेस्ट हाऊसवर राहिल्या, दर शिफ्टला सँपल. शेवटची बॉडी नेहमीपेक्षा चार दिवस जास्त चालली. चार दिवस ऐकायला कमी वाटतात पण साहेबांनी स्वतः हिशोब करून कागद आमच्या हातात दिला, बगॅस (बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा चोथा) किती वाचलं, कॉस्टिक किती वाचलं, गाळप किती टन वाढलं. त्या एका कागदाने जे काम केलं ते आमच्या चाळीस पानी रिपोर्टने केलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही माहितीपत्रक लिहायची पद्धतच बदलली. एक पान, शोध काय करतो ते सांगायचं, कसा करतो ते नाही, कारण एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, व्हायच्या आधी कसं हे सांगितलं की संपलं. आणि वरची पहिली ओळ घेणाऱ्याच्या अडचणीची, आपल्या रेणूची नाही.

लायसन्स, म्हणजे पॉलिमर वापरायचा परवाना, शेवटी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका मध्यम केमिकल कंपनीने घेतलं. त्याआधी एका मोठ्या कंपनीने एनडीए करून आम्हाला आठ महिने लटकवलं आणि मग मेलला उत्तर देणं बंद केलं, त्या काळात आम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नव्हतो कारण मी भाबडेपणाने तशी अट मान्य केली होती. आता अशी अट आली तर मुदत तीन महिने आणि त्याचे पैसे. कुरकुंभवाल्यांशी जे झालं त्यात सुरुवातीची रक्कम लहान, रॉयल्टी विक्रीवर, आणि हक्क फक्त साखरेपुरते, कूलिंग वॉटरचा हक्क कॉलेजकडेच. दरवर्षी किमान इतकी विक्री नाही झाली तर हक्क परत. ही शेवटची अट मी कुठल्याच करारात सोडत नाही, कारण लायसन्स घेऊन कपाटात ठेवणारे पण भेटलेत.

यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला माहितीये का, मालकी कुणाची यात. कॉलेजकडे पॉलिसीच नव्हती, अर्ज मॅडमच्या नावावर, पैसे कॉलेजचे, एक विद्यार्थी नोकरीला लागून बंगळुरूला. अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्याने, सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क संस्थेला ठेवू देऊन, हे बरंचसं मिटवलं, आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं, म्हणजे आम्ही दुकान उघडलं त्याच वर्षी. २०१९ च्या राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरणानंतर बऱ्याच कॉलेजांनी स्वतःची पॉलिसी लिहिली आणि आमचं काम खरंच हलकं झालं.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची पेटंट फी ८० टक्के कमी झाली, अर्जाचे ८००० चे १६०० झाले. चांगला निर्णय, लहान कॉलेजांना दार उघडलं. पण त्यासोबत आकड्यासाठी अर्ज सुरू झाले, रँकिंगला पॉइंट मिळतात म्हणून. आमच्याकडे फोन येतात, आमची पंचवीस पेटंटं आहेत, विकून द्या. बघितलं तर बरीचशी कल्पनेच्या पातळीवर, तंत्रज्ञान किती तयार आहे ते मोजणाऱ्या नासाच्या १ ते ९ च्या पट्टीवर २ किंवा ३, प्रोटोटाइप नाही, डेटा नाही. मी स्पष्ट सांगते की यातलं एकच घेऊया आणि त्यावर वर्षभर काम करूया. काही जण रागावतात. काही ऐकतात, त्यांच्यासोबत आम्ही आज पण आहोत.

२०२० मध्ये कॉलेजं बंद, सहा महिने फक्त फोनवर बोललो, तेव्हा सर्चची कामं घेऊन पगार भागवले. आता आम्ही सातजण आहोत, ऑफिस वारज्याला, गिरणी नाही. मॅडमचा पॉलिमर चार कारखान्यांत जातो, रॉयल्टीतला मॅडमचा वाटा दरवर्षी त्यांच्या खात्यात येतो, आणि त्या ट्रायलला आलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकजण कुरकुंभला त्याच प्रॉडक्टवर नोकरीला आहे.

सध्या टेबलावर कांद्याची फाईल आहे, कांदाचाळीत सडायला लागलेला कांदा वासावरून लवकर ओळखणारा एक सेन्सर. सरांचं म्हणणं आहे की गिऱ्हाईक कोल्ड स्टोरेज. मला तसं वाटत नाही, पण वाटून काय उपयोग, सोमवारी सरांना घेऊन लासलगावच्या बाजूला जातोय, चार चाळी बघायच्या आणि कांदा उलथायला माणसं कधी लावता, कशावरून ठरवता, एवढंच विचारून यायचं.