बारा म्हणून दिलेली तीस युनिट

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा म्हटलं की अर्धं सोलापूर रस्त्यावर आणि उरलेलं अर्धं सुट्टीवर. अक्षतेचा दिवस होता, माझी इव्हिनिंग दोन ते आठ, आणि साडेसातलाच नाईटच्या सिस्टरचा फोन आला, नंदीध्वजाच्या मिरवणुकीनं रस्ते बंद हायेत, रिक्षा मिळंना, थांबा की ओ जरा. थांबले. न थांबून सांगते कुणाला. वॉर्डात 22 पेशंट, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, अकरा वर्षं झाली या कामात, आणि सोबत एक एएनएम, म्हणजे त्याहून छोटा कोर्स केलेली पोरगी, पास होऊन आठ महिने झालेली. हुशार होती, पण सगळ्याला घाबरायची. आमच्याकडची बरीचशी प्रायव्हेट हॉस्पिटलं या एएनएम पोरींच्याच जिवावर चालतात, आणि काही ठिकाणी तर तेवढंही शिक्षण नसलेल्या मुली पांढरा ड्रेस घालून सिस्टर म्हणून फिरतात, तो विषय वेगळा.

सात नंबरला विडी घरकुलातल्या एक आज्जी होत्या. जन्मभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगू, मराठी मोडकं तोडकं. पायाला शुगरची जखम. मी त्यांच्या लेकीच्या वयाची पण मला अक्का म्हणायच्या. जेवणाआधी रेग्युलर इन्सुलिन 12 युनिट चालू होतं.

आता इन्सुलिनची एक गोष्ट सांगते, कारण घरी इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, दोन ताकदीच्या येतात, एक मिलीत 40 युनिटवाली आणि 100 युनिटवाली. सिरिंजही दोन, लाल टोपीची 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. आमच्याकडे कायम 40 चीच वायल, त्यामुळं ट्रेमध्ये लाल टोपीच्याच सिरिंजा. त्या दिवशी आमच्या मेडिकलमध्ये स्टॉक संपलेला, म्हणून आज्जींच्या मुलानं बाहेरून वायल आणली. नाव बरोबर, एक्स्पायरी बरोबर. फक्त ती 100 ची होती. लाल टोपीच्या सिरिंजवर बाराची रेघ म्हणजे 0.3 मिली, आणि 100 च्या वायलमधलं 0.3 मिली म्हणजे 30 युनिट. अडीच पट.

इन्सुलिन दोघींनी बघायचं, दोघींनी सही करायची, असा नियम आहे. ती ट्रेजवळून म्हणाली, मॅडम बारा. मी काउंटरवर इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, लिहीत होते. मान वर न करता हो दे म्हटलं, आणि नंतर चार्टवर तिच्या सहीशेजारी माझी सही ठोकली. वेळ 7:40.

सव्वानऊला शेजारच्या बेडचे नातेवाईक ओरडले, ओ सिस्टर, आज्जी काय तर बडबडलालेत बघा. जाऊन बघते तर अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरतायत, तेलुगूत कुणाला तरी हाका मारतायत, मला ओळखेनात. ग्लुकोमीटरवर शुगर 38. आरएमओना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, हाक मारली, 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, 100 मिली शिरेतून दिलं, पंधरा मिनिटांनी 112. आज्जींनी डोळे नीट उघडले आणि अक्का म्हणाल्या. तोपर्यंत माझे पाय नुसते लटलट करत होते.

शुगर उतरली कशानं? ताटात निम्मा भात तसाच होता, ते एक कारण दिसत होतं. पण निम्मं जेवून 38? ट्रे उघडला, वायल उचलली, लेबल वाचलं. ती पोरगी शेजारी उभी होती, तिनंही वाचलं आणि तिथंच खाली बसली.

खरं सांगते, पहिला विचार आज्जींचा आला नाही. पहिला विचार माझ्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन नंबरचा आला. मग घरकर्जाच्या हप्त्याचा.

मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, वायल चुकली, बाराऐवजी तीस गेलं, असं सरळ सांगितलं. रेग्युलर इन्सुलिनचा जोर दिल्यावर दोन ते चार तासांनी सगळ्यात जास्त असतो, त्यामुळं एकदा शुगर वर आली म्हणून सुटलो असं नसतं. त्यांनी 10 टक्के डेक्स्ट्रोजची ड्रिप आणि तासातासाला शुगर सांगितली. साडेअकराला परत 61 आलीच.

त्याआधी साडेदहाला मॅनेजमेंटचे एक साहेब आले. फाईल चाळली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, सिस्टर, चार्टवर बारा दिलं असंच लिहिलंय ना, मग राहू दे की. जेवण कमी झालं म्हणून उतरली, एवढंच लिहा. ती वायल टाकून द्या. आणि जाताजाता, मुलगी नवीन आहे, तिचं करिअर बघा. म्हणजे खोटं लिहायचं ते तिच्या भल्यासाठी.

पाच मिनिटं मी पेन घेऊन नुसती बसले. कोर्टाचं थोडंफार माहीत होतं. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की उपचारातली प्रत्येक चूक गुन्हा होत नाही, घोर निष्काळजीपणा असला तर होतो. भरपाईसाठी ग्राहक न्यायालय वेगळं, उपचारांच्या तक्रारींसाठी ते 1995 पासून आहेच. पण मागाहून फिरवलेल्या कागदाला चूक कोण म्हणेल? आणि खोटं लिहिलं असतं तर नाईटच्या सिस्टरनं रात्री दोनला काय समजून शुगर बघितली असती, बारा समजून की तीस समजून? खरं तर याच प्रश्नानं पेन हललं.

आधीच्या नोंदीला हात लावला नाही. व्हाईटनर नाही, खाडाखोड नाही. खाली नवीन वेळ टाकून लिहिलं: 7:40 ला 100 युनिटची वायल 40 च्या सिरिंजमध्ये भरली गेली, अंदाजे 30 युनिट गेलं, दुसऱ्या तपासणीची सही मी केली पण प्रत्यक्ष बघितलं नाही. शेवटचं वाक्य लिहिताना हात जड झाला. वायल आणि सिरिंज पाकिटात घालून, सील करून, आरएमओंची सही घेतली.

मोठे डॉक्टर मिरवणुकीतून वाट काढत पावणेबाराला पोचले, फाईल वाचली, बरं केलं एवढंच म्हणाले आणि मुलाला स्वतः सांगायला गेले. मी मागं उभी होते. मुलगा पॉवरलूमवर कामाला. त्यानं स्टुलाला लाथ घातली, पेपरात देतो म्हणाला, पोलिसात जातो म्हणाला. मग माझ्याकडं वळून विचारलं, जास्त किती गेलं? मी ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज आणून बाराची रेघ दाखवली. तो बराच वेळ ती सिरिंज हातात फिरवत बसला. वायल मीच आणली ना, म्हणाला. तुम्ही आणली, पण वाचायचं काम आमचं होतं, मी म्हटलं. साहेब दारातून माझ्याकडं बघत होते.

सकाळी शुगर 164. आज्जी सहा दिवसांनी घरी गेल्या. मुलानं फाईलची झेरॉक्स मागितली, मागितल्यापासून 72 तासांत द्यायची असते, तिसऱ्या दिवशी मिळाली. तो पोलिसात गेला नाही. पुढं कधी जाईल का, माहीत नाही.

मला मेमो मिळाला, तिलाही. माझ्या मेमोबद्दल तक्रार नाही, मी बघितलं नव्हतं. तिच्या मेमोबद्दल आहे, कारण दोन ताकदीच्या वायल वेगळ्या ओळखायच्या कशा हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, मीसुद्धा. आता ती माझ्या तोंडासमोर वायल धरते, मी डबा खात असले तरी, आणि लेबल मोठ्यानं वाचायला लावते.

केशरी टोपीच्या सिरिंजा ठेवा, नाहीतर बाहेरची वायल वॉर्डात घेऊच नका, असा अर्ज मी आतापर्यंत तीनदा दिलाय. खरेदी विभाग म्हणतो बघू. तिसऱ्या अर्जाची इनवर्डचा शिक्का असलेली झेरॉक्स माझ्या लॉकरमध्ये आहे.