तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली वही

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू शिवारात ‘बेटर कॉटन’ या शाश्वत कापूस पिकवण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा शेतकरी गट झाला, तेव्हा सर्वप्रथम हाती आली ती नोंदवही. पेरणी, खते, फवारणी, वेचणी, विक्री असे सगळे तारीखवार लिहायचे होते. पहिल्या हंगामाची वही मी तपासणीच्या आदल्या रात्री, आठवेल तशी भरली. ती अजून माझ्याकडे आहे. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने आणि एकाच घाईने केलेल्या स्पष्ट दिसतात.

बेटर कॉटनचे मानक, म्हणजे कापूस कसा पिकवावा याची नियमावली, ही पास-नापासाची परीक्षा आहे, असा तेव्हा माझा समज होता. प्रत्यक्षात काही किमान अटी सर्वांनाच पाळाव्या लागतात आणि त्यापुढे मागच्या हंगामापेक्षा काय सुधारले, हे पाहिले जाते. सुमारे ३५ जणांच्या गटात कुणाची जमीन भारी, कुणाची बरड. त्यामुळे प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या वहीशी व्हावी, हे मला न्याय्य वाटते. मात्र मागची वहीच खोटी असेल, तर तुलना कशाशी करणार?

खरी नोंद मी फवारणीपासून सुरू केली. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, आणि तरीही शेजारच्या वावरात पंप सुरू झाला की आपणही पंप पाठीवर घ्यायचा, ही सवय गेली नव्हती. आता हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे सरासरी आठ नर पतंग अडकले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी सापडली, तरच फवारणीचा विचार करायचा. बोंडे फोडण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण अळी आत शिरली की बाहेरून बोंड शाबूतच दिसते.

फरदडीपुढे, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कापसापुढे, मात्र माझी वही अपुरी पडते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटली की अळीचे खाद्य संपते आणि तिचे जीवनचक्र तुटते. परंतु शेजाऱ्याकडे विहिरीचे पाणी असेल आणि बाजारात भाव बरा असेल, तर तो आणखी दोन वेचण्यांसाठी पीक उभे ठेवतो, त्याला दोष तरी कसा द्यावा? माझ्या वहीत ‘पऱ्हाटी काढली’ अशी नोंद होते आणि पुढच्या हंगामातले पतंग त्याच्या बांधावरून येतात. ही सुधारणा एकेकट्याने मोजता येणारी नाही. त्यासाठी गटाने सगळ्या शिवाराचे मिळून एक पान ठेवायला हवे.

२०२४-२५ च्या हंगामापासून लागू झालेल्या मानकात शाश्वत उपजीविका हे स्वतंत्र तत्त्व आले. त्याच निमित्ताने मी जुन्या वह्या चाळल्या, तेव्हा वेचणीपुढे फक्त क्विंटल लिहिलेले आढळले. डोक्याला फडके बांधून, सुती ओटीत तो कापूस वेचणाऱ्या बायांचा कुठेही उल्लेख नव्हता. यंदा त्या पानावर पट्टीने तीन रकाने आखले आहेत: नाव, वेचलेले किलो आणि दिलेली मजुरी.