चढावर बंद पडणारी गाडी आणि बिचारा कारबोरेटर

एक काका त्यांची जुनी कारबोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली) गाडी घेऊन आले, तक्रार एकच, सपाटीला गाडी मस्त चालते पण मोठा चढ लागला की आधी पिकअप जातो, मग झटके मारते आणि शेवटी बंदच पडते, दहापंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. माझ्याकडे यायच्या आधी कारबोरेटर बऱ्याच जणांनी उघडून झाला होता, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) साफ केले, फ्लोटची नीडल नवीन टाकली, गॅस्केट बदलली, आणि एकाने तर मेन जेटच मोठा टाकून दिला. असलं बघितलं की मला खरंच राग येतो. जेटवर 120 लिहिलंय म्हणजे साधारणपणे भोक 1.20 मिलिमीटरचं, ते त्या इंजिनाच्या हिशोबाने ठरवलेलं असतं, आणि कारबोरेटरच्या चेंबरमध्ये, जिथे पेट्रोल साठतं तिथे, पेट्रोलच पोचत नसेल तर भोक मोठं करून येणार कुठून?

काकांना शेवटचं निदान मिळालं होतं व्हेपर लॉकचं, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढून कारबोरेटरला देणारा, इंजिनावर चालणारा पंप) पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. उपाय काय, तर पंपावर ओलं फडकं. आणि फडकं टाकलं की गाडी चालू व्हायचीच, त्यामुळे काकांचा त्यावर पूर्ण विश्वास. मला तिथेच शंका आली, कारण पाण्याची बाटली शोधा, फडकं भिजवा, गुंडाळा, यात दहा मिनिटं तशीच जातात, मग गाडी फडक्याने चालू होते का नुसती थांबल्याने?

म्हणून म्हटलं काका, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, बंद पडली की कशालाच हात लावायचा नाही. पेट्रोलचा फॉल्ट गाडी मेलेली असतानाच शोधावा लागतो, गॅरेजमध्ये आणेपर्यंत चेंबर परत भरलेला असतो आणि सगळं ठीकच दिसतं.

चढावर अपेक्षेप्रमाणे बंद पडली. लगेच एअर फिल्टर काढला आणि कारबोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलेटरची लिव्हर ओढली. चेंबरमध्ये पेट्रोल असेल तर इंजिन बंद असतानाही अ‍ॅक्सिलेटर पंपातून बारीक धार उडते. इथे थेंब नाही. म्हणजे चेंबर कोरडा, जेटचा काही संबंधच नाही. टाकीचं झाकण उघडलं, हवा आत ओढल्याचा आवाज नाही, म्हणजे टाकीत हवा घेणारा व्हेंटही मोकळा. मग कॉइलची वायर काढून ठेवली, कारबोरेटरकडे जाणारा पाईप सोडून बाटलीत धरला आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं, तर नुसती मरतुकडी धार. आता पंप खराब का मागची लाईन? सोबत छोटा कॅन आणि नवा पाईप नेला होता, पंपाची टाकीकडची बाजू सोडून त्या कॅनला जोडली, परत सेल्फ, आणि प्रत्येक ठोक्याला जाड धार! पंपाचा डायफ्रॅम, व्हॉल्व्ह, सगळं उत्तम.

म्हणजे दोष पंपाच्या मागे. गाडी वर घेऊन बघितलं तर टाकीजवळ हातभर रबरी पाईप, बाहेरून एकदम छान, चीर नाही, गळती नाही. पण गळती नाही म्हणून पाईप चांगला असं कधीच धरू नका, पंपाच्या मागची बाजू ओढण्याची असते, तिथला दोष बाहेर ठिबकेलच असं नाही. पाईप काढून पिचकारी लावली, टाकीच्या दिशेने दाबलं तर हवा आरामात जाते, उलटं ओढलं की जाम. उभा चिरला तेव्हा दिसलं, आतला थर सुटून सालीसारखा लोंबत होता. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, ते फुगतं, मऊ पडतं, त्यातलाच हा प्रकार असावा. सपाटीला इंजिनाला पेट्रोल कमी लागतं, ओढ कमी, साल जागेवर राहते. चढावर ओढ वाढली की ती साल येऊन वाट बंद करते, गाडी थांबली की ओढ संपते, साल मागे सरकते, सेल्फ मारला की चेंबर भरतो, आणि श्रेय फडक्याला! तसं व्हेपर लॉकवाल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, मागे वाट आवळली की पाईपात दाब कमी होतो आणि कमी दाबात पेट्रोलची वाफ लवकर होते, पण मूळ तिथे नव्हतं.

टाकीपासून कारबोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप इथेनॉलला चालणारे टाकले आणि मेन जेट परत मूळ नंबरचा बसवला, कारण आता पेट्रोल पुरेसं येणार म्हटल्यावर त्या मोठ्या जेटने मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होऊन प्लग काळे झाले असते. मग त्याच चढावर मुद्दाम भर दुपारी, गाडीत माणसं भरून घेऊन गेलो, एक झटका नाही.